झाडू हाती घेण्याचा हक्क

१९३२ सालच्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगात सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांनी, म्हणजेच महाराष्ट्राला अप्पासाहेब या नावाने परिचित असलेल्या सत्याग्रहीने, तुरुंगाच्या अंमलदारांकडे एक मागणी नोंदवली. तुरुंगातील मैलासफाईचे काम आपणांस द्यावे, एवढीच ती मागणी होती. परंतु तुरुंगाच्या शिरस्त्याप्रमाणे ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांनीच करावयाचे असल्याने आणि पटवर्धन जन्माने ब्राह्मण असल्याने ती नामंजूर झाली. पटवर्धनांनी अन्नसत्याग्रह आरंभिला, येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी ३ डिसेंबर रोजी उपवास सुरू केला, आणि अल्पावधीतच सरकारला माघार घ्यावी लागली. बऱ्या अन्नासाठी, पुस्तकांसाठी, भेटीगाठींच्या परवानगीसाठी कैद्यांनी उपोषणे केल्याची उदाहरणे विपुल आहेत. दुसऱ्यांची घाण स्वतःच्या हातांनी उचलण्याची मुभा मिळावी म्हणून देह झिजवण्याचे हे उदाहरण मात्र आपल्या समाजाच्या घडणीविषयी जेवढे सांगून जाते तेवढे अनेक ग्रंथ सांगत नाहीत.

आज तो मज्जाव उरलेला नाही. ज्याला नदीकाठ, चौपाटी, गडाची वाट किंवा आपल्याच गल्लीच्या टोकाचा नाला स्वच्छ करावयाचा असेल, त्याला कोणी जात विचारीत नाही, की कोणत्या अंमलदाराची विनवणी करावी लागत नाही. अनेक शहरांत तर अशा कामासाठी एकत्र येणाऱ्या मंडळींचे गट वर्षानुवर्षे नेमाने काम करीत आहेत आणि नव्या माणसाचे ते मनापासून स्वागत करतात. आणि तरीही रविवारी सकाळी अशी एखादी तुकडी पुलाखाली गोण्या भरताना दिसली, म्हणजे पुलावरून जाणारा सुशिक्षित, सहृदय, एरवी कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा माणूस क्षणभर थांबतो, मनोमन त्यांना धन्यवाद देतो आणि पुढे जातो. हा लेख त्या थांबणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. त्याच्या ठायी सद्भावना आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्याने पुलावरून खाली उतरावे, एवढीच माझी विनंती आहे.

सार्वजनिक स्वच्छतेविषयीच्या आपल्या अनास्थेचे मूळ आळसात किंवा अज्ञानात शोधण्याची प्रथा पडून गेली आहे, परंतु ते निदान मला अपुरे वाटते. ज्या समाजात उंबरठा रोज धुतला जातो, अंगणात सडा पडतो, देवघरातील समई चिंचेने घासून लखलखीत केली जाते, तो समाज स्वभावतः अस्वच्छतेचा भोक्ता आहे असे म्हणणे न्याय्य होणार नाही. उंबरठ्याच्या आतील केर आपला आणि बाहेरील केर दुसऱ्या कोणाचा, तोही जन्मानेच त्या कामाला जुंपलेल्या कोणाचा, ही जी धारणा शतकानुशतके आपल्या हाडीमांसी खिळली, तिने आपल्या नजरेला एक विलक्षण सवय लावली: कचरा समोर असूनही तो न दिसण्याची. ज्याला तो उचलावा लागत नाही त्याला तो दिसत नाही, आणि ज्याला तो उचलावा लागतो त्याच्याकडे पाहण्याची कोणाला गरज भासत नाही. म्हणूनच विदर्भातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा एखाद्या गावी पोहोचले की प्रथम हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहून त्याच गावाच्या मनातील केर काढीत; आणि म्हणूनच पारनेरचे सेनापती बापट पारनेरच्या रस्त्यांची झाडलोट हे आपले नित्यकर्म मानीत आणि मुंबईतील झाडूवाल्यांच्या संघटनेसाठीही झटत. या माणसांनी झाडू हाती घेतला तो गावात हात कमी होते म्हणून घेतला नाही. आपल्या हाताने झाडलेली जागा आपली होते आणि ती झाडणारा माणूस आपल्या बरोबरीचा होतो, हे त्यांना स्वतः करून दाखवावयाचे होते. २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा त्याला गाडगेबाबांचे नाव दिले गेले, आणि श्रमदानासाठी गावेच्या गावे बाहेर पडली, हे या मातीत ती प्रेरणा अजून जिवंत असल्याचे लक्षण आहे.

या प्रेरणेचे अलीकडच्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर घडले, आणि ते तपशिलाने सांगण्याजोगे आहे. सुमारे अडीच किलोमीटरचा हा किनारा. एका अंगाला वलांड्यांवर बोंबील वाळत घालणारा जुना कोळीवाडा, शेजारी मालाडच्या खाडीचे मुख, आणि त्या खाडीवाटे उपनगरांतील नाल्यांचे पाणी समुद्रात आणि समुद्राचे पाणी पुन्हा खाडीत, असा भरती-ओहोटीचा अखंड व्यापार. २०१५ साली या किनाऱ्यावर काही ठिकाणी कमरेच्याही वर कचरा साचलेला होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अफरोज शाह नावाचा एक तरुण वकील आणि त्याचे एक वयोवृद्ध शेजारी असे दोघेच जण हातमोजे घालून तो उचलू लागले. पुढे दर आठवड्याच्या अखेरीस कोळी बांधव, महाविद्यालयीन विद्यार्थी, गृहिणी, झोपडपट्टीतील मुले, नोकरदार मंडळी येत गेली. सुमारे पावणेदोन वर्षांत ५० लाख किलोंहून अधिक कचरा तेथून हलवला गेला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने २०१६ साली शाह यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. सुमारे दोन दशकांत वर्सोव्याला हे दृश्य दिसले नव्हते.

कासवांची बातमी जगभर गेली, आणि जावी अशीच ती होती. तथापि मला या हकिगतीतील दोन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, या मंडळींनी केवळ वाळू झाडली नाही. किनाऱ्यालगतची सार्वजनिक स्वच्छतागृहे त्यांनी स्वतः धुतली आणि ज्या वस्त्यांतून कचरा नाल्यात पडत होता त्या वस्त्यांत जाऊन घरोघर बोलणी केली. दुसरी गोष्ट कटू आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शाह यांनी हे काम थांबवीत असल्याचे जाहीर केले: स्वयंसेवकांना दमदाटी होते आणि गोळा केलेला कचरा वेळेवर हलवला जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. शासनाने दखल घेतल्यानंतर काम पुन्हा सुरू झाले. लोकांचे श्रम आणि प्रशासनाची तरतूद ही दोन्ही एकाच वेळी उभी राहिली नाहीत तर उत्तमातले उत्तम कामही कसे खुंटते, याचा हा धडा ज्यांना आपल्या गावी असे काही सुरू करावयाचे आहे त्यांनी कासवांच्या बातमीइतकाच लक्षात ठेवला पाहिजे.

समुद्रकिनाऱ्यावरील कामाला समुद्राचे वेळापत्रक पाळावे लागते, हे तेथे गेल्यावाचून कळत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पहाटे सहाच्या आगेमागे ओहोटी असते आणि वाळूचा विस्तीर्ण पट्टा मोकळा होतो. अष्टमीच्या सुमारास, कोळी ज्याला भांग म्हणतात त्या दिवसांत, तीच ओहोटी दुपारकडे सरकते. शहरात वाढलेला तरुण ज्या दिवशी सफाईच्या निमित्ताने तिथी पाहू लागतो, त्या दिवशी त्याचे आणि समुद्राचे नाते बदलते. वाळूतून वर डोकावणारे पिशवीचे टोक धरून ओढावे तर हातभर वाळूने गच्च भरलेली पिशवी, तिच्याशी गुंतलेली साडीची चिंधी, चिंधीशी गुंतलेला जाळ्याचा नायलॉनी दोर, असे एकातून एक निघतच राहते. उन्हात दीर्घकाळ पडलेली पिशवी मात्र बोट लागताच चुरचुर फुटते, आणि तिचे जे शेकडो कण वाळूत मिसळतात ते पुन्हा कोणत्याही माणसाला, कोणत्याही यंत्राला वेचता येणार नाहीत.

‘आज उचलाल, उद्या पुन्हा येईल’ या नित्याच्या आक्षेपाचे उत्तर या चुरचुरणाऱ्या पिशवीत आहे. कचरा पुन्हा येतो, हे खरेच. पण जी पिशवी अखंड असताना उचलली गेली ती कायमची समुद्राबाहेर गेली, आणि जी राहिली ती कणाकणाने मासळीच्या पोटात आणि तेथून आपल्या ताटात येण्याच्या वाटेला लागली. या दोहोंतील अंतर किती लवकर कोणी वाकले एवढ्यावरच अवलंबून असते. घरातील केर उद्या पुन्हा पडणार म्हणून आज काढू नये, असा युक्तिवाद कोणत्याही घरात मान्य होत नाही. सार्वजनिक जागेपुरताच तो आपल्याला सुचतो, कारण ती जागा आपण अजून आपली मानलेली नाही.

मी राहतो त्या पुण्यात समुद्र नाही, पण मुठा आहे. खडकवासल्यातून पावसाळ्यात पाणी सोडले जाते तेव्हा नदी काठावरच्या वाळुंजांच्या आणि करंजांच्या फांद्यांपर्यंत चढते, आणि पाणी ओसरल्यावर पुराची उंची मोजण्यास वेगळी पट्टी लागत नाही. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर प्रत्येक फांदीला पिशव्या, चिंध्या, नाड्या, गोणपाटाच्या दशा लोंबत असतात. आमच्या भागातील काही मंडळी ऑक्टोबरपासून त्या उतरवण्याचे काम करतात आणि मीही त्यांच्यात जातो. फांदी न मोडता पिशवी सोडवणे हे किती सावकाशीचे काम आहे! कोयत्याने सपासप छाटावे असे पहिल्या दिवशी प्रत्येकालाच वाटते, आणि मग कोणीतरी अनुभवी माणूस शांतपणे दाखवतो की पिशवी फांदीला गुंडाळली गेली ती प्रवाहाच्या दिशेने, म्हणून ती उलट्या दिशेने फिरवली की अलगद सुटते.

या पिशव्यांतील कितीतरी गाठ मारलेल्या असतात. गाठ सोडली की आत हार, दूर्वा, बेलाची पाने, कापसाची वस्त्रे, कधी भंगलेल्या तसबिरीची काच: पुलावर गाडी थांबवून भक्तिभावाने नदीला अर्पण केलेले निर्माल्य. पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या बसवूनही हा प्रवाह थांबलेला नाही. फुले मातीत मिळून खत होण्यासाठीच असतात. त्यांच्याभोवतीची पिशवी मात्र ना देवाची ना नदीची. ज्या श्रद्धावान गृहस्थाने ती गाठ बांधली त्याच्या हेतूविषयी मला आदरच आहे, आणि म्हणूनच मला वाटते की त्याने एकदा या काठावर येऊन अशा दहा गाठी आपल्या हाताने सोडाव्यात. कोणत्याही फलकाने, कोणत्याही दंडाच्या धमकीने जे होणार नाही ते त्या दहाव्या गाठीशी होईल, असा माझा अनुभवसिद्ध विश्वास आहे. कारण आमच्यातले काही जण याच वाटेने आले आहेत.

काम संपल्यावर गोळा झालेल्या कचऱ्यातील थोडा भाग ताडपत्रीवर पसरून आम्ही त्याची वर्गवारी करतो, आणि त्या अर्ध्या तासात जे शिक्षण होते ते पाठ्यपुस्तकांत नाही. पाण्याच्या बाटल्या फार थोड्या सापडतात, कारण त्यांना भंगारात भाव असतो आणि कचरावेचक त्या आधीच उचलून नेतात. उरते ते ज्याला भाव नाही ते सारे: गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या, वेफर्सची चकचकीत वेष्टने, थर्माकोलचे तुकडे, आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. या शेवटच्या वस्तूपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. दूध तापत ठेवण्याच्या घाईत आपण पिशवीचा कोपरा कात्रीने कापतो आणि तो नखाएवढा त्रिकोण ओट्यावरून मोरीत, मोरीतून गटारात जातो; पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देणारी काटकसरी गृहिणीसुद्धा त्या त्रिकोणाकडे लक्ष देत नाही, आणि तो इतका लहान असतो की पुढे कोणीही तो वेचीत नाही. एका शहरात रोज सकाळी किती घरांत असा त्रिकोण कापला जात असेल! कोपरा पुरता तोडून न टाकता त्याला चीर दिली आणि तो पिशवीलाच लटकत राहू दिला, तर हा सबंध प्रवाह तिथल्या तिथे बंद होतो, आणि त्याला पैसा, यंत्र, अध्यादेश यांपैकी काहीही लागत नाही. आमच्या मंडळींपैकी प्रत्येकाच्या घरी आता दुधाची पिशवी तशीच कापली जाते.

ही मोजदाद क्षुल्लक समजू नये. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुमारे २,८०० नागरिकांनी कचरा उचलताना काय काय सापडले याची छापील कार्डांवर नोंद ठेवली. त्या प्रथेतूनच आज सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर साजरा होणारा किनारा-स्वच्छता दिन वाढला, आणि सिगारेटची थोटके हा संख्येने सर्वाधिक सापडणाऱ्या कचऱ्यांपैकी एक आहे हे ज्ञान अशाच नोंदींतून जगाला झाले. ज्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव छापलेले असते त्याची जबाबदारी त्या उत्पादकावरही येते, हे तत्त्व आपल्याकडील प्लास्टिकविषयक नियमांनी २०१६ पासून मान्य केले आहे. ती जबाबदारी वसूल व्हावयाची असेल तर कोणाचे काय किती सापडते याचा रोखठोक हिशेब नागरिकांच्या वहीत असला पाहिजे.

‘आम्ही कर भरतो, मग हे काम आम्ही का करावे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, कारण त्याची पहिली बाजू निर्विवाद आहे. रस्ते झाडणे, कचरा वाहून नेणे, त्याची विल्हेवाट लावणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि स्वयंसेवकांच्या श्रमांमुळे त्या कर्तव्यात कसूर करण्याची सवलत तिला मिळता कामा नये. पण कर्तव्याची अंमलबजावणी पाहण्यास कोणीतरी लागते. आपल्या राज्यात हुकुमांची वाण नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तुंबलेल्या नाल्यांत प्लास्टिकच्या पिशव्यांचा वाटा असल्याचे सर्वांना दिसले, आणि त्यानंतर पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्याने ती बंदी व्यापक केली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंना केंद्र सरकारनेही मनाई केली. इतके सारे कागद दफ्तरी असताना भाजीच्या गाडीवर ती पिशवी आजही सुखेनैव लटकते. ज्या नागरिकाने महिनोन्‌महिने तोच काठ झाडला आहे त्याला घंटागाडी कोणत्या गल्लीपर्यंत येत नाही, राडारोड्याचा ट्रक रात्री कोणत्या उतारावर रिकामा होतो, कोणत्या उपाहारगृहाचे खरकटे कुठे पडते हे तारखेनिशी ठाऊक असते. त्याचा अर्ज आणि घरबसल्या लिहिलेली तक्रार यांचे वजन सारखे नसते. कर भरून आपण काम विकत घेतो, पण देखरेख विकत घेता येत नाही.

दुसरी एक शंका मला अधिक गंभीर वाटते. ज्यांना हे काम पोटासाठी रोज करावे लागते त्यांच्यापुढे आपण हौसेने एखादी सकाळ झाडू धरावा, यात काही विपरीत तर नाही? विपरीत होऊ शकते, जर आपण त्यांना वगळून ते करू तर. पुण्यात १९९३ सालापासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, आणि तिच्यातूनच पुढे घरोघरचा कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली; कोणते प्लास्टिक विकले जाते, कोणते नाही, कोणत्या थरात काचा असण्याचा संभव असतो, याचे ज्ञान या स्त्रियांइतके कोणत्याही पदवीधराला नाही. आमच्या काठावर एका रविवारी नेहमी तो रस्ता झाडणाऱ्या मावशी काम संपवून आमच्यापाशी आल्या. मी जोराने खराटा चालवीत होतो. त्या म्हणाल्या, “काका, वारा समोरनं घेऊन झाडू नका. पाठीशी घ्या, नाहीतर सगळं छातीत जातं.” मग त्यांनी खराटा माझ्या हातातून घेतला, त्याचे बूड जमिनीवर दोनदा आपटून काड्या एका पातळीत आणल्या, आणि मनगट फारसे न हलवता लांब, एकसारखे फटके मारीत त्या इतक्या सहज पुढे गेल्या की आम्ही सारे पाहतच राहिलो. हातमोज्यांविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मिळतात की. पण दीड-दोन महिन्यांत फाटतात, मग पिशव्या बांधतो हाताला.” त्या आठवड्यात आमच्या सर्वांच्या सह्यांचा अर्ज गेला, जाड हातमोजे आणि पायांत बूट हे सफाई कामगाराला नियमितपणे मिळालेच पाहिजेत, ही मागणी तेव्हापासून आमच्या प्रत्येक अर्जाचे पहिले कलम असते. काम करताना त्यांच्या शेजारी उभे राहिल्यावाचून हे कलम आम्हांला सुचले नसते, याची मला खंत वाटते.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. जागा लहान घ्यावी आणि तीच कायम ठेवावी; गांधीजयंतीला एकदा शहर झाडण्यापेक्षा वर्षभर पन्नास पावलांचा काठ झाडणे अधिक फलदायी, कारण त्या पन्नास पावलांवर कोणता कचरा कुठून येतो हे कळू लागते आणि मग तो उगमाशीच अडवता येतो. क्षेत्रीय कार्यालयाकडे आधी लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी आणि गोण्या उचलण्यास गाडी किती वाजता येणार हे आरोग्य कोठीतील मुकादमांशी प्रत्यक्ष बोलून ठरवावे. ही तजवीज केल्याविना फावड्याला हात लावू नये, अन्यथा काठावरचा कचरा गोण्यांत भरून त्याच काठावर कुजत राहतो. सुया, औषधांच्या कुप्या, फुटक्या काचा यांना लहान मुलांनी स्पर्श करू नये आणि मोठ्यांनीही चिमट्यानेच करावा. पिण्याचे पाणी घरून आणावे. बारदानाच्या गोण्या धुऊन पुन्हा वापराव्यात. फलक छापू नये. गडांवर जाणाऱ्या तरुणांनी उतरताना एक गोणी भरून आणण्याचा जो प्रघात पाडला आहे, दरीत फेकलेल्या बाटल्यांसाठी दोर लावून उतरण्याचे जे धाडस ते करतात, ते मला फार मोठे वाटते. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी यांच्यासह महाराष्ट्रातील अकरा किल्ले २०२५ साली जागतिक वारशात समाविष्ट झाल्यानंतर तेथे येणाऱ्यांची संख्या वाढणार हे उघड आहे आणि त्या तरुणांना अधिक हातांची गरज लागणार आहे.

माझी शेवटची सूचना सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांसाठी आहे. या राज्यात एका हाकेसरशी शे-दोनशे तरुण रस्त्यावर आणण्याचे सामर्थ्य मंडळांइतके कोणाकडे आहे? मांडव उभारणे, मिरवणुकीचा बंदोबस्त, वर्गणीचा पै-पैचा हिशेब, पोलिसांशी आणि पालिकेशी परवान्यांसाठीची बोलणी, हे सारे त्यांना अवगत आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी चौपाट्यांवर आणि घाटांवर मूर्तींचे अवशेष आणि निर्माल्य गोळा करण्यास विद्यार्थी जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर ज्या मंडळाची ती मूर्ती होती त्या मंडळाचे कार्यकर्तेही असावेत, आणि त्याहीपुढे जाऊन प्रत्येक मंडळाने आपल्या हद्दीतील नाल्याचा किंवा नदीचा एक तुकडा वर्षभरासाठी अंगावर घ्यावा. मंडळांच्या बैठका पावसाळ्याच्या सुरुवातीलाच भरू लागतात. यंदा वर्गणीची पुस्तके छापावयास देण्यापूर्वी हा विषय बैठकीपुढे ठेवावा, तुकडा नकाशावर आखून घ्यावा, आणि त्याच आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दाखल करून गाडीची आणि हातमोज्यांची मागणी त्यात स्पष्ट लिहावी, म्हणजे धरणाचे पाणी ओसरून फांद्या मोकळ्या होतील तेव्हा काम करणारी माणसे आणि गोण्या उचलणारी गाडी दोन्ही तयार असतील.